मास्तरीणबाईंच्या मापाची सायकल

शाळेशी मास्तरांचा संबंध आला तो विद्यार्थी म्हणून, आणि तोही फार टिकला नाही. पण कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत आहे, म्हणून ते मास्तर. आणि ते मास्तर, म्हणून त्यांची बायको मास्तरीण. दोघांची खरी नावं विजेच्या बिलावर होती आणि तिथेच बरी होती.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीला लागून मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीवर हँगर आणि मास्तरांच्या गळ्यात टेप. टेप गळ्यात असायची ती मुख्यतः शोभेला. गिऱ्हाईक उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत मास्तर त्याची छाती, कंबर, पायाची लांबी मनात मांडून मोकळे झालेले असत. मग टेप लावायची ती गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. बाजारातले रिकामटेकडे यावर पैजा लावायचे. कुणालातरी धरून आणायचे, मास्तर एक डोळा बारीक करून आकडा सांगायचे, मग टेप लागायची आणि आकडा तोच निघायचा. मास्तर नाही नाही म्हणत हसायचे, आणि ते हसू संध्याकाळपर्यंत पुरायचं.

एक गोष्ट चांगली येत असली की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला बाकीचंही सगळं येतं. मास्तर त्याला अपवाद नव्हते.

मास्तरीण गावाबाहेरच्या रोपवाटिकेत कामाला होती. पिशव्यांत माती भरणं, बी टोचणं, कलमं बांधणं. इतकी वर्षं मालकाचा टेम्पो बायकांना न्यायचा-आणायचा. मालकानं टेम्पो विकला आणि सांगितलं, आपापलं या. तेव्हा बायकांची मुकादमीण म्हणाली, आपण सायकली घेऊ. घ्यायच्याच आहेत तर अशा घेऊ, की सहा दिवस कामावर न्यायच्या आणि अधूनमधून रविवारी कुठेतरी लांब. पहिली फेरी धरणाची. तिथे विश्रामगृह आहे, एक रात्र राहायचं, सोमवारी सुट्टी घेऊन परत यायचं. चार बायका, चार सायकली, मागे एकेक पिशवी, आणि कुणाचं पोर नाही, नवरा नाही, सासू नाही.

मास्तरीण लग्नाच्या आधी भावाची सायकल पळवून चालवायची. पुढे ते सुटलं. घराबाहेर रात्र काढली ती बाळंतपणाला, आजारपणाला किंवा कुणाच्या मयताला. धरणाचं ऐकल्यापासून ती स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. मास्तरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना बरंही वाटलं. ते म्हणाले, “घेऊ की. पण निवड माझ्यावर सोड. तुला कुणीही टोपी घालेल.”

वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन राहायचे. जन्म सायकलवर गेलेला. मास्तर त्यांचा सल्ला घ्यायला गेले, म्हणजे आपला सल्ला त्यांच्याकडून वदवून घ्यायला गेले. मास्तरांच्या मनात जाड टायरची, पुढे शॉकअपवाली, चकचकीत सायकल होती. पोस्टमननी मान हलवली.

“स्वस्तातली शॉकअपवाली घेऊ नका. वजन वाढतं आणि वर्षभरात कुरकुरायला लागते. साधी लोखंडी फ्रेम बघा. टायर फार जाड नको, फार बारीक नको. वाटेवरच्या पुलाच्या चढापुरते गिअर पुरे. मागे कॅरिअर पक्कं बसलं पाहिजे, दोन्ही चाकांना मडगार्ड पाहिजे. आणि सगळ्यात आधी माप. मापाची नसेल तर सोन्याची असली तरी उपयोग नाही.”

“मापाचं मला सांगता होय!” मास्तर म्हणाले आणि हसत खाली आले.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या मिळून सायकलच्या दुकानात गेल्या. मुकादमीण, दिवसभर तोंड बंद न ठेवणारी चिमणी, तिची जाऊ, मास्तरीण, आणि त्यांच्यापुढे दोन पावलं मास्तर. दुकान सायकलींनी इतकं भरलेलं, की आत शिरायचं तर अंग चोरूनच. मालकीण पन्नाशीची, बाह्या वर सारलेल्या, नखांत ग्रीस. तिनं मास्तरिणीसाठी तीन सायकली बाहेर काढल्या. पहिली शॉकअपवाली. मास्तरांनी ती एका हातानं उचलून पाहिली आणि पोस्टमनचं सगळं बोलणं आपलं म्हणून ऐकवलं. दुसरी घडीची. तिची चाकं एवढीशी. “ही सर्कशीतली,” मास्तर म्हणाले. तिसरी साधी लोखंडी, गडद हिरवी, मधला दांडा आडवा, मागे सात गिअर, कॅरिअर आणि मडगार्ड आधीच बसवलेले. गेल्या वर्षीचा रंग म्हणून भावही उतरवलेला. मास्तरिणीनं तिच्या सीटवर हात ठेवला आणि तिथून काढला नाही.

“हिच्यात तीन साईज आहेत,” मालकीण म्हणाली. “या ताई, माप घेऊ.” तिनं कपाटावरून एक जाडजूड जुनी टेलिफोन डिरेक्टरी काढली. चप्पल काढायची, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, डिरेक्टरी दोन्ही पायांच्या मधे वरपर्यंत धरायची आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं, अशी तिची पद्धत. चिमणी आणि तिची जाऊ अगोदरच मापं देऊन मोकळ्या झाल्या होत्या, खिदळत. मास्तरिणीनं चप्पल काढली. डिरेक्टरी हातात घेतली.

“ठेव ते,” मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. दुकानात अजून पाच-सहा गिऱ्हाइकं होती.

“अहो ताई, हिच्या पँटी इतकी वर्षं मीच शिवतोय. माझ्या बायकोला भिंतीला उभी करून माप घ्यायची वेळ माझ्यावर आली, तर मी मशीन विकून भजनाला बसेन. लिहा. एकतीस इंच.”

“एकदा मोजू या का पण?” मास्तरीण हळूच म्हणाली. “आता मोजतातच आहेत तर…”

“तू गप्प बस. तुला काय कळतं मापातलं?”

हे ते चिडून म्हणाले नाहीत, लाडात म्हणाले. लोक हसले. मुकादमीण म्हणाली, “मास्तरांच्या नजरेला आव्हान नाही बाई!” मालकिणीनं भुवया उंचावल्या, एकदा मास्तरिणीच्या पायांकडे पाहिलं, पण ज्याची बायको त्याला ठाऊक, असं म्हणून मोठ्या साईजची सायकल काढली. मास्तरीण तिच्यावर बसली. मालकिणीनं हँडल धरलं होतं.

“पाय टेकतात?”

मास्तरिणीनं मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाली, “टेकतात.”

आणि सायकल घरी आली.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघण्यासारखं नव्हतं, पण गल्लीनं ते आवडीनं पाहिलं. शाळेमागच्या मैदानावर मास्तरीण सरावाला जायची. चढायला तिला कठडा लागायचा. एकदा चढली की बरी चालवायची, पण थांबायची वेळ आली की तिचा चेहरा पांढराफटक. पाय खाली सोडायची, तो नुसता अंगठ्यावर टेकायचा, सायकल कलायची आणि दोघी मिळून खाली. सीट मास्तरांनी पार तळाला नेली. तरी तेच. हँडल तिला लांब पडायचं, त्यामुळे ती पुढे वाकून वाकून खांदे दुखवून घ्यायची.

“अगं, घाबरतेस कशाला? सायकल आहे, बैल नाही!” मास्तर मैदानाच्या कडेनं ओरडायचे. “भित्री भागूबाई!”

“जमेल हळूहळू,” ती कपडे झटकत म्हणायची.

मैदानावर पोरंटोरं असत, पोरांना न्यायला आलेल्या आया असत. त्या सगळ्यांच्या देखत आपली बायको अशी भेदरलेली, याची मास्तरांना लाज वाटायला लागली. ती पडली की आधी ते इकडेतिकडे कोण बघतंय ते बघायचे आणि मग तिच्याकडे जायचे. कामावर जाताना ती चौक आला की आधीच उतरायची, सायकल ढकलत पलीकडे न्यायची आणि पुन्हा एखादा कट्टा शोधायची. चिमणीनं सांगितलं, की मास्तरीणबाई सायकल चालवतात कमी आणि फिरवून आणतात जास्त. मास्तर त्यावर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. “हिला तीनचाकी घेऊन देतो आता. पुढे घंटा, मागे फुगा.” मास्तरीणही हसली. तिच्या कोपरावर खपली होती.

“वय झालं असेल माझं,” ती एकदा जेवताना म्हणाली.

“वय नाही, धीर नाही तुला,” मास्तर म्हणाले. “मनातून भीती काढ.”

धरणाचा रविवार जवळ आला. मास्तरांच्या मनात नसलं तर नसलं, पण आलं म्हणजे ते हौसेनं करायचे. त्यांनी ठरवलं, हिला प्रवासासाठी एक खास पँट शिवायची. बसायच्या जागी आतून दुहेरी कापड, घोट्यापाशी जरा निमुळती, म्हणजे चेनमध्ये अडकायची नाही. न सांगता शिवायची आणि आदल्या दिवशी हातात द्यायची.

आता, शिंप्याच्या घरात घरच्या माणसाला टेप कोण लावतं? लग्नानंतर मास्तरांनी बायकोची पहिली पँट नुसत्या नजरेनं कापली होती. तेव्हापासून नवी शिवायची झाली की मास्तरीण एक जुनी पँट धुऊन, इस्त्री करून मापाला आणून द्यायची. मास्तर ती कापडावर पसरायचे, भोवती खडू फिरवायचे, कापड आटेल म्हणून खाली थोडं जास्त सोडायचे आणि कात्री लावायचे. या वेळी मात्र तिला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून शुक्रवारी ती कामावर गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि वरची पँट स्वतः काढली.

टेबलावर पसरली तर ती आखूड वाटली. मास्तरांनी खालची कड उलटून पाहिली. कड आत दुमडलेली होती. चांगली चार बोटं. आणि बारीक, बाहेरून दिसू नयेत असे हातशिलाईचे टाके घातलेले होते. ते टाके मास्तरांचे नव्हते. मास्तर हातानं कड शिवत नसत, त्यांना तेवढा धीर नव्हता.

त्यांनी दुसरी पँट काढली. तीही दुमडलेली, जराशी कमी. तिसरी, चौथी, तशाच; जितकी जुनी तितकी दुमड लहान. एका पँटीच्या दुमडीपाशी सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या, एकीखाली एक. म्हणजे टाके घातलेले, उसवलेले, पुन्हा घातलेले. मास्तर त्या भोकांवरून अंगठा फिरवत बसले आणि हळूहळू सगळा प्रकार त्यांच्या डोक्यात शिरला. मापाला पँट द्यायची वेळ आली की ती टाके उसवायची, कड सरळ करायची, इस्त्री फिरवायची आणि मग त्यांच्यापुढे आणून ठेवायची. नवी पँट शिवून झाली की आधी तिची आणि मग जुनीची कड पुन्हा आत घ्यायची. आणि मास्तर रोज तिच्या घोट्यावर नेमकी येणारी पँट बघून मनात म्हणायचे, काय बसलीय!

कापड आटायचे दिवस केव्हाच सरले होते. मास्तरांचा हात मात्र दर पँटीला थोडं थोडं सोडतच राहिला होता. एकतीस इंच हे पँटीचं माप होतं. त्या पँटीत जी बाई होती, तिचं नव्हतं.

मास्तरांनी पँट खाली ठेवली. आधी आठवली ती सायकल, मग मैदान, मग स्वतःचं ओरडणं. भित्री भागूबाई. तीनचाकी. ते एकटेच होते, तरी त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. पँटींच्या घड्या घालून त्या होत्या तिथे ठेवल्या आणि कपाट लावून घेतलं.

मास्तर काही वाईट माणूस नव्हते. ते तसेच उठले आणि सायकलच्या दुकानाकडे निघाले. मालकिणीला बाजूला घेऊन सांगायचं, साईज बदलून द्या, वर काही लागलं तर बघू. चालताना त्यांनी वाक्यही जुळवलं. पण दुकानात पाय ठेवतात तोच आतून मालकीण म्हणाली, “घ्या, नाव काढलं आणि हजर! शंभर वर्षं आयुष्य आहे!”

आत बँकेतल्या बाई मुलीसाठी सायकल बघत होत्या. त्यांचे कपडे मास्तरांकडेच असायचे. मालकीण त्यांना सांगत होती, की हे मास्तर म्हणजे काय असामी आहे, बायकोला भिंतीशी उभंसुद्धा करू दिलं नाही, उभ्या उभ्या आकडा फेकला. बँकेतल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, “म्हणून तर आम्ही दुसरीकडे जात नाही. मास्तर, आमच्या हिचं सांगा बघू पायाचं माप!”

मुलगी लाजत समोर येऊन उभी राहिली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आकडा सुचला नाही.

“मोजून घ्या,” ते म्हणाले. “मोजलेलं बरं असतं.”

“तुम्हाला काय हवं होतं?” मालकिणीनं विचारलं.

“पंप,” मास्तर म्हणाले. “हवा भरायचा. लहान. प्रवासाला.”

पंप घेऊन ते घरी आले. वाटेत त्यांनी स्वतःची समजूत घातली. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. धरणाचं एकदा होऊन जाऊ दे, मग सावकाश, कुणाला न कळता, दुसऱ्या गावच्या दुकानातून बदलून आणू. दुकानात त्या दिवशी किती माणसं होती! एकाला कळलं की दहांना कळणार. ज्याला बायकोचं माप ठाऊक नाही, त्याच्याकडे आपलं कापड कोण देईल? हे सगळं खरं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता, कारण लाज आत बसली होती आणि ती हलत नव्हती. मास्तरीण घरी आल्यावर त्यांनी पंप तिच्या हातात दिला.

“माझ्यासाठी?” ती म्हणाली आणि तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. नंतर ती कपडे बदलायला आतल्या खोलीत गेली. बराच वेळ कपाटापाशी होती. बाहेर आली ती थेट स्वयंपाकाला लागली. मास्तरांनी शिवणकाम हातात घेतलं आणि मान वर केली नाही.

शनिवारी संध्याकाळी मुकादमीण, चिमणी आणि तिची जाऊ दुकानातच आल्या. उद्या किती वाजता निघायचं, कुणी काय घ्यायचं, हे ठरवायला. चिमणीनं कापायच्या टेबलावर बसून पाय हलवायला सुरुवात केली. मास्तर मशीनवर होते. मास्तरीण दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“मी येत नाही,” ती म्हणाली.

चिमणीचे हलणारे पाय थांबले.

“येत नाही म्हणजे? हे काय आता नवीन?” तिनं विचारलं.

“माझ्यानं होत नाही गं. पुलाच्या उतारावर थांबायची वेळ आली तर मी पडणार, आणि माझ्यामागे तुम्ही सगळ्या. माझ्यापायी तुमचा खोळंबा नको.”

मुकादमीण रोपं बघते तशी तिच्याकडे बघत होती. “हे बघ,” ती म्हणाली, “सायकलीचं काही असेल तर सांग. माझ्या मुलीची सायकल रिकामी आहे, लहान आहे, उद्या दारात आणून उभी करते. पण भीती असेल तर भीतीवर माझ्याकडे औषध नाही.”

मास्तरांचा पाय मशीनवर थांबला.

मास्तरिणीनं मास्तरांकडे पाहिलं. मग ती सावकाश म्हणाली, “माझ्यानं होत नाही.” दुसऱ्यांदा, त्याच शब्दांत.

“मास्तर, तुम्ही तरी सांगा ना हिला!” चिमणी म्हणाली. “तुमचं ऐकेल ती.”

मास्तरांच्या तोंडात शब्द आले होते. चारच शब्द होते, सायकल मोठी आहे हिला. त्यांनी मुकादमिणीकडे पाहिलं, जी म्हणाली होती की मास्तरांच्या नजरेला आव्हान नाही. चिमणीकडे पाहिलं, जिच्या कानावर गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला ठाऊक असते. त्यांनी शिवणीवर आलेला धागा दातानं तोडला.

“तिचं तिला ठरवू दे,” ते म्हणाले. “मी कशाला मधे पडू?”

“बरं,” मुकादमीण उठत म्हणाली. “जबरदस्ती थोडीच आहे.”

त्या गेल्यावर मास्तर बराच वेळ मशीन चालवत राहिले. काय शिवलं ते दुसऱ्या दिवशी उसवायला लागलं.

रविवारी सकाळी तिघी निघाल्या, त्या आधी दाराशी थांबल्या. मास्तरिणीनं त्यांच्यासाठी डबे भरले होते. तिनं ते एकेकीच्या पिशवीत नीट खोचून दिले, चिमणीच्या कॅरिअरची दोरी आवळून दिली, आणि नवा पंपही देऊन टाकला. “वाटेत लागेल,” म्हणाली. त्या घंट्या वाजवत कोपऱ्यावरून वळल्या. वळताना चिमणीनं एक हात सोडून हलवला आणि तिची सायकल डुगडुगली. मास्तरीण हसली. गल्ली रिकामी झाल्यावरही ती थोडा वेळ दारातच होती.

मास्तरांना ती पाठ बघवेना. ती आत येऊन भांडी घासायला बसली, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. रविवारी सकाळी ते कधी तिथे येत नसत.

“माप चुकलं,” ते म्हणाले. “तुझं नाही. माझं. ती सायकल मोठी आहे तुला. तू भित्री नाहीस.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“मोठी आहे ते. दुकानात बसले तेव्हाच कळलं. अंगठे टेकत होते नुसते.”

“मग टेकतात असं का म्हणालीस?”

तिनं पातेलं विसळून पालथं घातलं. “एवढ्या लोकांत तुम्ही आकडा सांगितलात. त्यावर मी काय म्हणू, की यांना माझं माप येत नाही? लोक तुमच्याकडे येतात ते त्यासाठीच. माझं काय, भित्री तर भित्री. त्यानं माझी रोपं मरत नाहीत.”

मास्तर दारातच खाली बसले.

“आणि पँटी? इतकी वर्षं?”

“पहिली शिवलीत ना, तेव्हा किती खुशीत आणून दिली होतीत! मला म्हणालात, बघ, टेपसुद्धा लावली नाही. तेव्हा लांब आहे म्हणायचं जिवावर आलं. म्हटलं पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी म्हटलं, आता सांगितलं तर विचारतील, मागच्या वेळी का नाही सांगितलं. मग राहूनच गेलं. कडा काय, जेवण झालं की बसल्या बसल्या होतात.”

ती हे सगळं साध्या आवाजात सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

“मी परवा कपाट उघडलं होतं,” ते म्हणाले. “तेव्हा कळलं मला.”

“तेही माहीत आहे. घड्या तुमच्या होत्या. मी शिवणीवर शिवण ठेवून घालत नाही.”

मास्तरांनी मान खाली घातली होती ती एकदम वर केली. “म्हणजे काल… काल संध्याकाळी तुला माहीत होतं, की मला…”

“मी तुमच्याकडेच बघत होते,” ती म्हणाली. “मुकादमीणबाई एवढं म्हणाल्या, सायकलीचं असेल तर मुलीची आणते. मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी परत एकदा म्हटलं, माझ्यानं होत नाही. म्हटलं, ऐकू गेलं नसेल.”

मास्तरांच्या कानशिलापर्यंत लाज चढली. खाली मान घालून बसावं तर पुढ्यात तिचे पाय होते, ओले, टाचांना भेगा पडलेले, चार बोटं कमी लांबीचे. ते धडपडत उठले.

“चल,” ते म्हणाले. “ऊठ. आत्ताच्या आत्ता चल. मालकिणीच्या घरी जाऊ, दुकान उघडायला लावतो. भिंतीला उभी राहा, सगळ्यांच्या देखत माप घेऊ दे. मी स्वतः सांगतो, चूक माझी होती. पोस्टमनना सांगतो. मुकादमिणीला सांगतो, चिमणीला सांगतो, तिला म्हणतो जा, सगळ्या बाजारात सांगत फीर…”

“त्या गेल्या,” मास्तरीण म्हणाली.

ती आपल्या कामाच्या कुडत्याला हात पुसत आतल्या खोलीत गेली. मास्तर तिच्या मागोमाग गेले. खाटेच्या पायाशी कापडी पिशवी उभी होती, तोंड बांधलेली, भरलेली. तिनं गाठ सोडली आणि एकेक कपडा काढून कपाटात ठेवायला सुरुवात केली. एक पँट, एक कुडता, रात्री पांघरायची शाल, टॉवेल.

“ही कधी भरलीस?” मास्तरांनी विचारलं.

“काल, त्या गेल्यावर,” ती म्हणाली. “म्हटलं, सकाळपर्यंत बोललात तर ऐनवेळी धावपळ नको.”